गळ्यावरचा वळ आणि न्यायालयातला प्रश्न : गुदमरून झालेल्या मृत्यूचं कारण कसं ठरतं?



माझ्या पीएच.डी.साठी मी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या सत्र न्यायालयांचे निकाल वाचतो आहे. विषय आहे गुदमरून झालेले मृत्यू आणि त्यातला वैद्यकीय पुरावा. या विषयात काम करू इच्छिणारे विद्यार्थी पहिला प्रश्न हमखास हाच विचारतात : "गळफास घेतला की गळा आवळून मारलं, हे डॉक्टरांना कळतं कसं?"

उत्तराचा गाभा आधीच सांगून टाकतो. शरीरावरची कुठलीही एक खूण एकटी काही सिद्ध करत नाही. ती खूण एका कारणात किती वेळा आढळते आणि दुसऱ्या कारणात किती वेळा, या तुलनेवर तिची किंमत ठरते. एवढं पक्कं डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

प्रकरण सुरू कुठे होतं?

एक नेहमीचा प्रसंग समजा. वाडीवरच्या एका घरात विशीतली सून मृतावस्थेत सापडते. सासरचे म्हणतात, तिने ओढणीने गळफास घेतला, आम्ही खाली उतरवलं. माहेरचे म्हणतात, मारून टांगलं. पोलीस पाटील ठाण्याला कळवतात, ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो आणि मृतदेह ग्रामीण रुग्णालयात किंवा मिरज-सांगली, कराड, साताऱ्याच्या मोठ्या रुग्णालयात जातो. लग्नाला सात वर्षं झालेली नसतील तर कायदा जास्त काटेकोर होतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार अशा वेळी शवविच्छेदन करून घ्यावंच लागतं.

आता पणाला काय लागलंय ते बघा. डॉक्टरांचं मत एका बाजूला झुकलं तर खुनाचा गुन्हा, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम १०३. दुसऱ्या बाजूला झुकलं तर आत्महत्येस प्रवृत्त करण्याचा आरोप, कलम १०८; किंवा काहीच नाही. चूक झाली तर एक खुनी घरी जातो, नाहीतर एक निर्दोष माणूस जन्मभर तुरुंगात बसतो.

"अस्फिक्सिया" हा शब्द पुरेसा नाही

अहवालात 'अस्फिक्सियामुळे मृत्यू' असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ एवढाच की शरीराला प्राणवायू मिळणं बंद झालं. कशामुळे बंद झालं, हा पुढचा प्रश्न : गळफास, दोरीने आवळणं, हाताने गळा दाबणं, उशीने नाक-तोंड दाबणं की पाण्यात बुडणं? आणि कुणामुळे, हा त्याच्याही पुढचा. अहवाल वाचताना हे तीन प्रश्न वेगळे ठेवायची सवय लावून घ्या.

काही वेळा दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातच तिसऱ्याचं उत्तर येतं. स्वतःच्या हातांनी स्वतःचा गळा दाबून कुणी मरू शकत नाही. शुद्ध हरपली की हात सैल पडतात आणि श्वास पुन्हा सुरू होतो. म्हणून हाताने गळा दाबल्याचं निदान पक्कं असेल तर आत्महत्येचा मुद्दाच उरत नाही. दोरीचं तसं नाही. दोरीला गाठ बसते आणि ती बेशुद्धीनंतरही आवळलेली राहते.

वळ वाचायचा कसा?

गळफासात शरीराचं वजन दोरी खाली खेचतं. त्यामुळे वळ साधारणपणे मानेच्या वरच्या भागात, हनुवटी आणि कंठ यांच्या मधे असतो. तो तिरका चढत जातो आणि गाठीपाशी तुटतो. मागून दोरी आवळली तर वळ बहुधा आडवा, कंठावर किंवा त्याच्या खाली आणि मानेभोवती सलग असतो. जयसिंग मोदी यांचं न्यायवैद्यकाचं पुस्तक १९२० मध्ये आलं. त्यातला या फरकांचा तक्ता आजही उलटतपासात वकिलांच्या हातात दिसतो.

पण या तक्त्यात 'साधारणपणे' आणि 'बहुधा' हेच शब्द सगळ्यात महत्त्वाचे आहेत. बसलेल्या किंवा ओणव्या अवस्थेतल्या गळफासात वळ जवळजवळ आडवा येऊ शकतो. मारल्यानंतर थोड्याच वेळात मृतदेह टांगला तरी तिरका, चामड्यासारखा वाळलेला वळ उमटू शकतो. वळ दोरीच्या दाबाने पडतो. माणूस तेव्हा जिवंत होता की नाही, हे एकटा वळ सांगत नाही.

गावाकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं : "पाय जमिनीला टेकलेले होते, म्हणजे नक्की घातपात." हा समज चुकीचा आहे. पाठ्यपुस्तकांतल्या आकड्यांप्रमाणे मानेतल्या शिरा साधारण २ किलोच्या ताणाने बंद होतात, मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मुख्य धमन्या ४ ते ५ किलोने आणि श्वासनलिका १५ किलोच्या आसपास. नुसतं डोकंच चार-पाच किलोचं असतं. पाय टेकलेले असताना, अगदी बसलेल्या अवस्थेतही गळफासाने मृत्यू येतो.

मान उघडल्यावर

खरा फरक बऱ्याचदा कातडीखाली सापडतो. गळफासात वळाखालचा भाग पुष्कळदा कोरडा, पांढुरका, चकचकीत दिसतो. आवळण्यात किंवा दाबण्यात स्नायूंमध्ये रक्त साकळलेलं असतं, कंठाच्या कूर्चेला इजा असू शकते. हाताने दाबलं असेल तर बाहेर बोटांचे गोलसर वण आणि नखांच्या चंद्रकोरीसारख्या खुणा दिसू शकतात. तोंडाच्या कोपऱ्यातून खाली ओघळलेली लाळ ही जिवंतपणी गळफास लागल्याची चांगली खूण मानतात, कारण गाठीच्या दाबाने लाळग्रंथी चेतवल्या जातात आणि हे जिवंत शरीरातच घडतं.

मात्र मान कशी उघडली, यावरही निष्कर्ष अवलंबून असतो. प्रिन्स्लू आणि गॉर्डन या दोघांनी १९५१ मध्ये दाखवून दिलं की मानेच्या शिरांमध्ये रक्त भरलेलं असताना विच्छेदन केलं, तर ते रक्त आजूबाजूला झिरपतं आणि जिवंतपणीच्या दुखापतीचा आभास होतो. म्हणून आधी मेंदू आणि छातीतले अवयव काढून रक्त वाहून जाऊ द्यायचं आणि मग मान थराथराने उघडायची, अशी पद्धत आहे. हा क्रम पाळला का, हे अहवालात लिहिलेलं नसेल तर 'स्नायूंत रक्तस्राव' या नोंदीचं वजन कमी होतं.

हायॉइडचं हाड आणि थोडं गणित

जिभेच्या मुळाशी घोड्याच्या नालेसारखं एक छोटं हाड असतं, हायॉइड. हे मोडलं म्हणजे गळा दाबला, असं अनेक जण धरून चालतात. आपण गणित करून बघू. पुढचे आकडे फक्त समजण्यासाठी धरलेले आहेत, कुठल्या अभ्यासातले नाहीत.

समजा, गळफासाच्या १०० पैकी १० मृत्यूंत हे हाड मोडतं आणि हाताने गळा दाबल्याच्या १०० पैकी ५० मृत्यूंत. म्हणजे मोडलेलं हाड गळा दाबण्यात पाचपट जास्त आढळतं. खूण चांगली वाटते, हो ना? आता असं समजा की गळफासाचे मृत्यू गळा दाबण्याच्या १९ पट आहेत. मग दर १०० गळा दाबलेल्या मृत्यूंमागे १९०० गळफासाचे. हाड मोडलेले मृतदेह किती? गळफासातले १९० आणि गळा दाबलेले ५०, एकूण २४०. त्यातले गळा दाबलेले फक्त ५०, म्हणजे साधारण २१ टक्के. 'हाड मोडलंय, म्हणजे खून' असं म्हणणारा माणूस इथे दर पाचांत जवळजवळ चार वेळा चुकेल.

आता उलट बाजू. तरुण वयात या हाडाचे भाग पूर्ण जुळलेले नसतात, ते लवचीक असतं. साधारण चाळिशीनंतर ते ठिसूळ होतं आणि सहज मोडतं. म्हणून बावीस वर्षांच्या मुलीचं हायॉइड शाबूत आहे एवढ्यावरून 'गळा दाबलाच नाही' असं म्हणता येत नाही. सासरी संशयास्पद मृत्यू होणाऱ्या मुली बहुतेक याच वयाच्या असतात, हे लक्षात घ्या. जे हाड बचावात पुढे केलं जातं, ते या वयात साक्ष द्यायला फारसं उपयोगाचंच नसतं.

दुसरी खबरदारी : तीन खुणा मिळाल्या म्हणजे पुरावा तिप्पट झाला असं नाही. एकाच दाबामुळे तिन्ही झाल्या असतील तर त्या एकमेकींना फारसं बळ देत नाहीत. नखांच्या खुणा, घटनास्थळीची झटापट आणि तुळईवरच्या दोरीच्या तंतूंची दिशा या वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या गोष्टी एकाच ठिकाणी पोचल्या, तर वजन वाढतं.

विहीर, नदी आणि डायटम

कृष्णा-कोयनेच्या या पट्ट्यात विहिरीत किंवा नदीत सापडलेले मृतदेह हा वेगळाच अध्याय आहे. हातापायांची कातडी पांढरी, सुरकुतलेली असणं एवढंच सांगतं की शरीर पाण्यात होतं. तोंडा-नाकाशी बारीक, चिकट फेस आणि मुठीत घट्ट पकडलेलं शेवाळ असेल, तर माणूस पाण्यात जिवंत गेल्याची शक्यता वाढते.

मग येतात डायटम, म्हणजे सिलिकाचं कवच असलेलं सूक्ष्म शैवाल. बुडताना माणूस पाणी श्वासात ओढतो, हृदय चालू असेल तर डायटम रक्तातून हाडाच्या मगजापर्यंत पोचतात. मेलेल्याला पाण्यात टाकलं तर फुप्फुसापर्यंत जातील, मगजापर्यंत पोचणं अवघड. पण तुलनेसाठी त्याच विहिरीचं पाणी बाटलीत भरून पाठवावं लागतं. ते पंचनाम्याच्या वेळीच घ्यायचं असतं. महिन्याभराने, पाऊस पडून गेल्यावर घेतलेलं पाणी ते पाणी राहत नाही. आणि मगजात डायटम सापडले नाहीत म्हणजे बुडाला नाही, असंही म्हणता येत नाही.

जिथे मानेवर काहीच नसतं

ऑगस्ट २०१६ मध्ये वाई तालुक्यातल्या धोमचं प्रकरण उघड झालं. जमिनीत पुरलेले मृतदेह उकरून काढण्यात आले. स्नायू लुळे पाडणारं, भूल देताना वापरलं जाणारं औषध टोचून मारल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला. आरोपाचं खरंखोटं न्यायालय ठरवतं. आपल्याला इथे फक्त शास्त्रीय अडचण समजून घ्यायची आहे. सक्सिनिलकोलीनसारख्या औषधाने श्वासाचे स्नायू थांबतात, म्हणजे हाही गुदमरूनच आलेला मृत्यू. पण गळ्यावर वळ नाही, हाड मोडलेलं नाही. औषध काही मिनिटांत फुटतं आणि त्यातून शरीरात मुळातच असणारे पदार्थ उरतात. त्यात मृतदेह मातीत पडून राहिलेला असेल तर शवविच्छेदनाला सांगण्यासारखं थोडंच उरतं. मग औषधाची खरेदी, साक्षीदार, मोबाइलच्या नोंदी यांच्यावर भार येतो.

न्यायालय या मताचं काय करतं?

डॉक्टर तज्ज्ञ साक्षीदार असतात, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ खाली. त्यांचं मत न्यायाधीशांवर बंधनकारक नसतं; मतामागची कारणं तपासली जातात. ही तपासणी कशी होते, हे बघायला जिल्ह्याबाहेरचे, महाराष्ट्रातलेच दोन निकाल वाचा. ते सातारा-सांगलीतही रोज दाखवले जातात.

पहिला, त्रिमुख मारोती किरकण विरुद्ध महाराष्ट्र राज्य, २००६. मराठवाड्यातलं प्रकरण. पत्नी साप चावून गेली असं सासरहून सांगण्यात आलं. शवविच्छेदनात मान दाबल्याने मृत्यू झाल्याचं निघालं. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की घराच्या चार भिंतींत घडलेल्या अशा मृत्यूचा खुलासा घरातल्यांनी द्यायला हवा, आणि खोटा खुलासा हाही साखळीतला एक दुवा ठरतो. हे तत्त्व तेव्हा पुरावा कायद्याच्या कलम १०६ मध्ये होतं, आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०९ मध्ये आहे. साप आणि गळा दाबणं यांच्या खुणा पूर्ण वेगळ्या, म्हणून तिथे शास्त्राचं उत्तर ठाम होतं.

दुसरा, शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९८४. पुण्यातलं विषबाधेचं प्रकरण, पण परिस्थितिजन्य पुराव्याची पाच तत्त्वं इथे एकत्र मांडली गेली. दोषी 'असू शकेल' आणि 'असलाच पाहिजे' यात मोठं अंतर आहे आणि शिक्षा दुसऱ्यावरच होते. आत्महत्येची वाजवी शक्यता उरली तर तिचा फायदा आरोपीला.

दोन्ही निकाल शेजारी ठेवा. खून झालाय हे आधी सरकार पक्षाने दाखवायचं. खुलाशाचा भार त्यानंतर घरातल्यांवर येतो. वैद्यकीय मत 'दोन्ही शक्य' म्हणत असेल, तर कलम १०९ एकटं ती पोकळी भरून काढत नाही.

तुम्ही सुरुवात कुठून कराल?

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर निकाल मिळतात. दहा निकाल घ्या आणि प्रत्येकासाठी एक तक्ता करा : वळाची लांबी-रुंदी मोजलेली आहे का, कंठापासूनचं अंतर दिलंय का, गाठ न सोडता दोर कापून जपला का, मान थराथराने उघडली का, मृताचं वय काय, आणि न्यायाधीशांनी नेमक्या कुठल्या खुणेवर भर दिला. 'गळ्याभोवती वळ आढळला' एवढीच नोंद असलेले अहवाल तुम्हाला भेटतील. त्या मोघम ओळीचं पुढे उलटतपासात काय झालं ते जरूर टिपून ठेवा. काम सुरू करण्यापूर्वी संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी घ्या आणि मृतांची नावं तक्त्यात लिहू नका.

पुढच्या लेखात उलटतपासातले प्रश्न घेऊ : 'शक्य आहे का?' या एका प्रश्नाने चांगलं मत कसं मोडतं ते बघू. तुमच्या तक्त्यात अडचण आली तर जरूर लिहा.