सव्वा किलोच्या बारमधून

सकाळी ८:३०
कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. मिस्त्रींनी शटर वर ओढलं, लेथला तेल दिलं. मी ड्रॉइंग पुढं केलं. एका सिलिंडरचं मॉडेल इंजिन, स्ट्रोक २० मिमी. म्हणजे क्रँकचा थ्रो निम्मा, १० मिमी. क्रँक अखंड तुकड्यातून काढायचा.

९:००
स्टीलचं दुकान. माझा हात चकचकीत ब्राइट बारकडं गेला. मिस्त्रींनी मान हलवली. "त्यो थंडच ओढलेला असतोय. एका अंगानं कापला की आतला ताण सुटतोय अन् शाफ्ट वाकतोय. काळा घ्या."
ईएन-२४ जास्त ताकदीचं, पण महाग आणि टूल खाणारं. एवढ्या इंजिनाला ईएन-८ पुरे. साधारण ०.४ टक्के कार्बन, एमएसपेक्षा कणखर, लेथवर नीट कापतं. ४० मिमी व्यास, १३० मिमी लांबी, सव्वा किलो. कापणावळीसकट १४० रुपये.

१०:००
दोन्ही टोकं फेस झाली. बार व्ही-ब्लॉकवर. हाइट गेजनं दोन्ही टोकांना रेघा, बार जराही न फिरवता. फिरला तर दोन्ही टोकांचे थ्रो एका रेषेत येत नाहीत. मधल्या सेंटरपासून १० मिमीवर दुसरं सेंटर. पंच, मग सेंटर ड्रिल.

११:१५
दोन वेबांमधल्या, म्हणजे क्रँकपिनच्या दोन बाजूंच्या भिंतींमधल्या जागेत ओळीनं भोकं पाडली. उरलेलं मदतनीस पोरगा हॅकसॉनं कापतोय. त्याची दिवसाची हजेरी ५०० रुपये. पाऊण तास. दोन पाती गेली.

दुपारी १२:१५
बार बाहेरच्या सेंटरवर, डॉग लावून. आता सगळा बार झोके घेत फिरतो, म्हणून वेग अगदी कमी. लांब, अरुंद टूल. टक्, टक्, टक्. प्रत्येक फेऱ्याला टूलवर ठोका. मिस्त्रींचा हात हँडलवरून हलत नाही. क्रँकपिन गोल दिसू लागली. अर्धा मिमी जादा ठेवून मशीन बंद.

१:३०
डबा. भाकरी, झुणका, कांदा. काम सेंटरवरून उतरवून ठेवलेलं. "त्यालाबी जरा बसू द्या," मिस्त्री म्हणाले.

२:३०
पिन फिनिश, १० मिमी. कोपऱ्यात टूलला १ मिमी गोलाई. कोपरा काटकोनात सोडला तर चीर तिथूनच पडते. मग वेबांच्या फटीत घट्ट बसणारा ठोकळा. तो नसेल तर सेंटरचा दाब पडताच क्रँक मिटू लागतो.

३:३०
मधल्या सेंटरवर जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा भाग. काळी साल निघाली, खालचं चकचकीत स्टील उघडं पडलं. दर कटानंतर मायक्रोमीटर. चहा आला, दोन कप, २० रुपये. मिस्त्रींचा निवला.

५:३०
वेबांच्या बाजू कापून, फाईल मारून झाल्या. ठोकळा काढला. क्रँक पुन्हा सेंटरवर, जर्नलवर डायल. हातानं सावकाश फिरवला. काटा मिमीचे दोन शतांश हलला. मिस्त्रींनी पुन्हा फिरवून पाहिलं. तेवढाच.

६:१५
मजुरी १,८०० रुपये. त्यातून पोराची हजेरी, विजेचं बिल, टूलची झीज. पोरगा लेथखालचा कीस झाडून पोत्यात भरतोय. सकाळच्या बारमधला किलोभर त्यात गेला. पोतं भरलं की भंगारवाला नेईल.
मिस्त्रींनी क्रँकला तेल लावलं, वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला. जेमतेम सव्वाशे ग्रॅम.