आकृती बोटांखाली द्या

‘अंध मुलाला भूमिती कशी शिकवणार? त्याला आकृतीच दिसत नाही.’ असं पालक म्हणतात, शिक्षक म्हणतात आणि दहावी जवळ आली की शाळाही म्हणते. मग बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घ्यायची सवलत पुढे येते. ज्याला खरोखर गरज आहे, त्याला ती जरूर मिळावी. पण एकही आकृती मुलाच्या बोटांखाली न देता ‘याला जमणार नाही’ असं ठरवणं हा अन्याय आहे आणि तो सर्रास होतो.

निकोलस साँडरसन यांची दृष्टी तान्हेपणीच देवीच्या आजारात गेली. १७११ मध्ये ते केंब्रिजला, एकेकाळी न्यूटन यांच्याकडे असलेल्या गणिताच्या ल्युकेशियन प्राध्यापकपदावर बसले. टाचण्या टोचलेल्या फळीवर दोरा ताणून ते आकृत्या करत. असामान्य माणसांचे दाखले नकोत, असं कोणी म्हणेल. मग मानसशास्त्रज्ञ मार्मोर आणि झाबॅक यांचा १९७६ चा प्रयोग पाहा. जन्मांध माणसंही स्पर्शाने ओळखलेला आकार मनात फिरवतात. वेळ अधिक लागतो, पण जितका जास्त फिरवायचा तितका जास्त वेळ, हा डोळसांमध्ये दिसणारा नियम तिथेही दिसतो.

मग मुलं अडतात कुठे? बहुतेकदा आपल्या चुकीच्या साहित्यापाशी. पुस्तकातला घन म्हणजे दोन चौरस आणि तिरक्या रेषा. ती आकृती जशीच्या तशी उठावदार करून दिली, तर बोटांना तिरके कोनही लागणार. घनाचा तर प्रत्येक कोन काटकोन! कागदावरची ती खोली ही डोळ्यांची सोय आहे. बोटांना तिचा उपयोग नाही. आधी खराखुरा ठोकळा हातात द्या, त्याच्या कडा आणि शिरोबिंदू मोजू द्या.

उलट, काही गोष्टी हाताला अधिक चांगल्या कळतात. जिओबोर्डवर, म्हणजे खिळे ठोकलेल्या फळीवर, रबरबँडचा त्रिकोण करा. पाया तसाच ठेवून वरचा शिरोबिंदू पायाला समांतर असलेल्या खिळ्यांच्या ओळीतून पायाच्या मध्यापासून दूर दूर सरकवा. रबर ताणत जातं, म्हणजे परिमिती वाढतेय हे बोटांना लगेच कळतं. उंची मात्र तीच, म्हणून क्षेत्रफळही तेच. फळ्यावरच्या आकृतीत हा ताण कुठून येणार? डोळस मुलांनाही हे करायला द्या.

साहित्य महाग असतं? फळी, खिळे, रबर, पुठ्ठा आणि लोकर पुरते. ब्रेल आलं की आकृत्या आपोआप समजतात? नाही, उठावदार आकृती वाचायला वेगळं शिकवावं लागतं. एका आकृतीत गर्दी केली की मूल हरवतं. दृष्टिहीन म्हणजे सगळेच पूर्ण अंध? मुळीच नाही. अल्पदृष्टी असलेल्या कित्येकांना पिवळ्या कागदावर जाड काळ्या मार्करने काढलेली मोठी आकृती पुरते. ती आधी देऊन बघा, सवलतीचा अर्ज नंतर भरा.