गोदावरी : नाव त्र्यंबकचे, पाणी प्राणहितेचे

गोदावरी ही दक्षिण भारतातील सर्वांत लांब नदी. नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर ती उगम पावते. तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर. पण गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटर वाहून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. सह्याद्री पश्चिमेकडे कड्यासारखा तुटलेला आहे, तर दख्खनचे पठार पूर्वेकडे हळूहळू उतरत जाते. त्या उतारामुळेच नदीची दिशा ठरली. तिचे खोरे सुमारे ३ लाख १३ हजार चौरस किलोमीटरचे, म्हणजे देशाच्या जवळजवळ एक दशांश भूभागाचे आहे. त्यातले निम्म्याच्या आसपास महाराष्ट्रात येते.

खोरे मोठे असले तरी पाणी सगळीकडे सारखे नाही. घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो. मात्र नाशिक ओलांडले की पर्जन्यछायेचा प्रदेश सुरू होतो. दारणा आणि प्रवरा घाटातले पाणी आणतात. पुढे मिळणाऱ्या सिंदफणा, पूर्णा या मराठवाड्याच्या नद्या पावसाच्या लहरीवर चालतात. उन्हाळ्यात पात्रात ठिकठिकाणी डोहच उरतात. पावसाळ्यात मात्र पाणी बघता बघता चढते. नाशिकला रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले की कमरेला, यावरून नाशिककर पुराचा अंदाज बांधतात.

नांदेड जिल्हा सोडून नदी तेलंगणात शिरते. तिथे मांजरा मिळते. पुढे गडचिरोलीतील सिरोंचाजवळ गोदावरी पुन्हा महाराष्ट्राच्या सीमेला लागते आणि तिथेच तिचे रूप पालटते. वर्धा, पैनगंगा, वैनगंगा यांचे पाणी घेऊन प्राणहिता येते. एकूण खोऱ्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग या एकाच उपनदीचा आहे. थोड्याच अंतरावर बस्तरच्या जंगलातून आलेली इंद्रावती आणि आणखी खाली शबरी मिळते. इथली भूमीही वेगळी आहे. नाशिक-मराठवाड्यातला काळा बेसाल्ट मागे पडतो आणि त्याहून कितीतरी जुने थर लागतात. त्यांत दगडी कोळसा आहे, डायनोसॉरचे जीवाश्मही सापडतात. पुढे पापीकोंडलूच्या डोंगररांगांत नदी पूर्व घाट चिरून अरुंद घळीतून बाहेर पडते आणि राजमहेंद्रीला पोचताना अफाट रुंद होते. ऑगस्ट १९८६ च्या महापुरात तिथून सुमारे ३५ लाख क्युसेक पाणी वाहिले.

वस्ती आधी रुजली ती कमी पाण्याच्या वरच्या खोऱ्यात. प्रवराकाठच्या जोर्वे गावावरून तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका ताम्रपाषाण संस्कृतीला नाव मिळाले. त्याच नदीवरच्या दायमाबादला १९७४ मध्ये तांब्या-ब्राँझच्या भरीव मूर्ती सापडल्या; त्यांत बैल जुंपलेला रथही आहे. पुढे पैठण, म्हणजे प्रतिष्ठान, ही सातवाहनांची राजधानी झाली. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तिथून बंदराकडे जाणाऱ्या मालाची नोंद आहे. संत एकनाथांचे पैठण, जनाबाईंचे गंगाखेड आणि गुरू गोविंदसिंगांचे १७०८ मध्ये जिथे निर्वाण झाले ते नांदेड, ही सगळी गोदाकाठचीच. दर बारा वर्षांनी त्र्यंबकेश्वर-नाशिकला सिंहस्थ भरतो.

त्रिभुज प्रदेशाचा इतिहास निराळा. तिथे गौतमी, वसिष्ठा अशा शाखांतून पाणी भरपूर वाहत असे; पण ते शेतात न येता समुद्रात जाई, आणि दुष्काळात माणसे मरत. ब्रिटिश अभियंता आर्थर कॉटन याने १८४७ ते १८५२ या काळात धवळेश्वरमला बेटांचा आधार घेत चार तुकड्यांत बंधारा घातला. तळाला खडक नव्हता, नुसती वाळू. वाळूवर बांध उभा राहतो, हे त्याने कावेरीवरच्या प्राचीन कल्लनई बंधाऱ्यावरून जाणले होते. बंधाऱ्यातून निघालेल्या कालव्यांनी गोदावरी जिल्हे भाताचे कोठार झाले. आज त्या जागी नवा बंधारा आहे आणि त्याला कॉटनचेच नाव दिले आहे.

वरच्या खोऱ्यात धरणांची सुरुवात विसाव्या शतकात झाली. दारणा, भंडारदरा, गंगापूर ही धरणे घाटाजवळ झाली आणि १९७६ मध्ये पैठणचे जायकवाडी पूर्ण झाले. राज्याराज्यांतले पाणीवाटप बच्छावत लवादाने १९८० मध्ये ठरवून दिले. पण नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यातला वाद राज्याच्या आतला होता. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशानुसार, पावसाळ्याअखेर जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे लागते.

प्राणहितेचे विपुल पाणी या वादात कामी येत नाही. तिचा संगम पैठणहून तीनशे मीटरपेक्षा अधिक खाली आहे. तिथून पाणी उलटे आणायचे तर उपशाचा खर्च प्रचंड. नाशिक, नगर आणि मराठवाड्याला त्यामुळे घाटमाथ्याच्या पावसावरच भागवावे लागते, आणि तो पाऊस एकमेकांत वाटून घेण्यावाचून दुसरा मार्ग नाही.