एकट्याचा डाव (५) : चावीवाला आणि देहरंगचं धरण

मागच्या लेखात पात्र तयार झालं. आता खरी अडचण येते. टेबलाच्या पलीकडची खुर्ची रिकामी आहे, मग बंद दार ढकललं की आत काय आहे ते सांगायचं कुणी?

पात्र घेऊन खेळायच्या खेळात (रोल-प्लेइंग गेम, म्हणजेच आरपीजी) चार-पाच जणांचा डाव असला की हे काम गेम मास्टर करतो. पण एकट्याने खेळणाऱ्यांची सोयही जवळजवळ या खेळाइतकीच जुनी आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये आला आणि १९७५ मध्ये गॅरी गायगॅक्सने ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’च्या पहिल्याच अंकात एकट्याने भुयार धुंडाळायचे तक्ते छापले. फासे टाकले की तक्ता सांगणार, पुढे जिना आहे, भिंत आहे की राक्षस. मात्र समोरचा माणूस खरं बोलतोय का, हे तक्त्याला विचारता येत नव्हतं. टाना पिजन यांच्या ‘मिथिक’ने ती उणीव भरली. २००६ मध्ये त्यातला गेम मास्टरची जागा घेणारा भाग स्वतंत्र पुस्तक म्हणून निघाला आणि कुठलाही आरपीजी एकट्याने खेळता येऊ लागला. युक्ती साधी होती. प्रश्न असा विचारायचा की उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ येईल, आणि उत्तर फाशावर सोडायचं.

कोकणात हे कुणाला नवीन वाटू नये. गुरव देवाच्या अंगावर फुलं लावतो, गाऱ्हाणं घालतो आणि उजवं फूल पडतं की डावं याकडे सगळं गाव डोळे लावून बसतं. तिथे श्रद्धा असते, इथे फक्त शक्यतेचं गणित. पण विचारणाऱ्याची शिस्त तीच. प्रश्न नेमका हवा, आणि आलेला कौल मनासारखा नसला तरी मानायचा.

आपल्या डावासाठी ल्युडोतला फासा पुरे. १ पडला तर ‘नाही, आणि वर आणखी वाईट’. २ म्हणजे ‘नाही’. ३ म्हणजे ‘नाही, पण...’. ४ म्हणजे ‘हो, पण...’. ५ म्हणजे ‘हो’. ६ म्हणजे ‘हो, आणि वर फायदाही’. गोष्ट घडण्याजोगी वाटत असेल तर दोन फासे टाकून मोठा आकडा धरायचा, मग ‘हो’ची शक्यता ७५ टक्के होते. अवघड वाटत असेल तर लहान आकडा धरायचा, ती २५ टक्क्यांवर येते. सगळी गंमत ३ आणि ४ मध्ये आहे. त्या ‘पण’च्या पुढचं वाक्य तुम्हाला रचावं लागतं.

आता डाव जिथे मांडायचा ते जगबुडीनंतरचं जग. १९७८ च्या ‘गामा वर्ल्ड’पासून या प्रकाराला तोटा नाही. जो डेव्हरची ‘फ्रीवे वॉरियर’ ही एकट्याने खेळायची पुस्तकं १९८८ पासून आली. त्यांतली उद्ध्वस्त अमेरिका २०२० सालातली आहे. (आपल्या २०२० ने ते निराळ्या अर्थाने खरं केलं, पण ते असो.) मला जास्त उपयोगी पडला तो २०१४ मध्ये इंग्रजीत आलेला स्वीडिश ‘म्युटंट : इयर झीरो’. त्यात लंडन आणि न्यूयॉर्कचे नकाशे चौकोन आखून दिले आहेत आणि स्वतःचं शहर घेऊनही हेच करायची मुभा आहे. मग लंडन कशाला? पनवेल घ्या.

उद्ध्वस्त जगासाठी पनवेलसारखी जागा शोधून सापडणार नाही. पुण्याचा जुना रस्ता, कळंबोलीहून निघणारा द्रुतगती मार्ग, पळस्प्याहून गोव्याकडे जाणारा महामार्ग, रेल्वे जंक्शन, खाडी. मुंबई सोडून पळणारा माणूस इथूनच जाणार. कळंबोलीत लोखंड बाजार, तळोज्यात रसायनांचे कारखाने, आणि कासाडीचं पाणी तर प्रलयाआधीच प्यायचं नाही. कर्नाळ्याच्या सुळक्यावर टेहळणीला चढावं तर आग्या मोहोळ. सगळे चौकोन एका बैठकीत भरू नका, घराजवळचे चार पुरेत. प्रलयाचं कारणही मोठं नको. अणुबॉम्ब टाकला की पहिला तास किरणोत्सर्गाच्या हिशेबातच जातो. आपण एवढंच धरू : वीज गेली, तीन वर्षं आली नाही, आणि आता मे महिना आहे.

पात्र आहे बाळाराम, पाणी सोडणारा चावीवाला. कुठला व्हॉल्व्ह कुठे पुरलाय हे त्याला पाठ आहे. आता त्याला पाणी शोधायचंय.

पहिला प्रश्न : खोपोलीचं वीजघर चालू आहे का? हा विचारण्याजोगा का, ते पाहा. टाटांचं ते वीजघर १९१५ पासूनचं. घाटमाथ्यावरच्या लोणावळा, वळवणच्या तलावांचं पाणी टर्बाइनमधून उतरतं आणि पुढे पाताळगंगेत येतं. त्याच्या जिवावर ती नदी उन्हाळ्यात वाहती राहते आणि भोकरपाड्याहून पनवेलच्या मोठ्या भागाला पाणी मिळतं. वीजघर बंद तर पंप बंद, आणि मे महिन्यात नदीही जेमतेम. शक्यता कमी, म्हणून दोन फासे, लहान आकडा. पडले ४ आणि २. नाही.

मग उरलं गाढी नदीवरचं देहरंगचं धरण. ते दरवर्षी उन्हाळ्यात तळ गाठतं, हे पनवेलकराला कुणी सांगायला नको. धरण शाबूत आहे का? बहुधा असावं, म्हणून मोठा आकडा. ३ आणि १. ‘नाही, पण...’. इथे मी बराच वेळ थांबलो. सांडव्याकडची बाजू खचली आहे, पण कुणीतरी पोती रचून पाणी अडवलंय. पोती आहेत म्हणजे माणसं आहेत. ही वस्ती माझ्या डोक्यात आधी नव्हती, एका तिनाने ती वसवली.

ती माणसं पाणी देतील? सांगता येत नाही, म्हणून एकच फासा. ४. ‘हो, पण...’ बदल्यात औषध हवं. पोरं तापाने फणफणली आहेत. आणि बाळारामच्या गावात १८७२ पासून धूतपापेश्वर आहे, आयुर्वेदिक औषधांचा कारखाना. तीन वर्षांनी तिथे काय शिल्लक असेल, हा पुढचा प्रश्न आपोआप तयार झाला.

एकट्याने खेळताना लबाडी होतेच, पुन्हा फासा टाकावासा वाटतो. टाका, कुणी पोलिसांत देत नाही. पण त्यापेक्षा वाईट सवय म्हणजे हवं ते उत्तर मिळेपर्यंत प्रश्न बदलत राहणं. माझा नियम असा : ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्हींनंतर डाव पुढे जात असेल तरच विचारायचं. उत्तर उघड असेल तिथे फाशाला हात लावू नका. पावसाळ्यात गाढीला पाणी असतं का, हा प्रश्न नव्हे. वहीत प्रत्येक प्रश्नामागे एक ओळ लिहा. ललित लिहायची गरज नाही. ‘सांडवा खचला, पोती, माणसं’ एवढ्याने पुढच्या रविवारी सगळं आठवतं.

पुढच्या लेखात बाळाराम कारखान्याच्या फाटकाशी जाईल आणि आपण जखम, भूक आणि झटापट यांचे हिशेब पाहू. त्यासाठी पत्त्यांचा एक जोड लागेल. जोकर काढून ठेवू नका, दोन्ही लागणार आहेत.