सौर कुंपणाची बॅटरी बदलण्यापूर्वी

सौर कुंपणाचे झटका यंत्र दिवसा नीट चालते आणि उत्तररात्री, नेमके रानडुकरे येण्याच्या वेळी, बंद पडते. जीर्ण बॅटरीचे हे मुख्य लक्षण होय. तथापि नवी घेण्यापूर्वी परीक्षा करावी. यंत्र बंद करून तारेला टेकलेले गवत कापावे, पॅनेलवरील धूळ पुसावी, बॅटरीच्या टोकांवरील क्षार काढून जोडण्या घट्ट कराव्यात. पुष्कळदा एवढ्यानेच दोष दूर होतो.

न झाल्यास १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण चार्ज करून, तारा सोडवून रात्रभर ठेवावी. सकाळी सुमारे १२.६ व्होल्ट न भरल्यास, किंवा भरूनही यंत्रास जोडल्यावर एका रात्रीत ती १२ च्या खाली उतरल्यास, तिची साठवणशक्ती संपली असे समजावे.

बदलताना आधी पॅनेलच्या तारा, मग बॅटरीची ऋण व शेवटी धन तार सोडवावी. जोडताना क्रम उलट ठेवावा. ट्रॅक्टरची बॅटरी येथे वापरू नये. ती क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी असते. रात्रभराच्या मंद कामात लवकर खचते. जुनी बॅटरी न फोडता विक्रेत्यास परत द्यावी. शिसे विषारी आहे.

नवी बॅटरी येईपर्यंत राखण करावी, परंतु तारेत घरची वीज कदापि सोडू नये. यंत्राचा क्षणिक झटका जनावरास पळवितो. घरची वीज माणसाचाही प्राण घेते.