हार्लेमच्या टेकडीवरचे उघडे दार

दहावी-बारावीचे निकाल लागले, की आपल्या वस्तीत दोन प्रकारची घरे दिसतात. एका घरी पेढे वाटले जातात, दुसऱ्या घरी चूल थंड पडल्यासारखी शांतता असते. “पंचेचाळीस टक्के पडले, आता कॉलेज कशाला? गॅरेजला लावा, चार पैसे तरी आणील,” असा सल्ला द्यायला शेजारी, प्रसंगी सख्खा मामाही पुढे येतो. मुलगी असेल तर सल्ला वेगळा, तो येथे लिहायची गरज नाही. आणि कचेरीत आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो ते वाक्य तर वाचकांनाही पाठ असेल : ‘सगळ्यांनाच आत घेतले की शिक्षणाचा दर्जा घसरतो.’

या वाक्याची परीक्षा एका मोठ्या शहराने प्रत्यक्ष घेऊन पाहिली आहे. ते शहर म्हणजे अमेरिकेतील न्यूयॉर्क. तिथे काय घडले ते आपल्या पालकांनी आणि माता-भगिनींनी समजून घ्यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

न्यूयॉर्क म्हटले की आपल्याला कोलंबिया विद्यापीठ आठवते. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात तिथे शिकले. पण कोलंबिया हे खासगी विद्यापीठ. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती नसती तर तिथे पोचणे शक्य नव्हते. त्याच कोलंबियापासून दोन किलोमीटरच्या आत, हार्लेमच्या टेकडीवर, आणखी एक कॉलेज आहे. त्याचे नाव सिटी कॉलेज. हे शहराच्या पैशाने चाललेले. १८४७ साली टाऊनसेंड हॅरिस नावाच्या गृहस्थाने मागणी केली, की श्रीमंतांची आणि गरिबांची मुले एकाच बाकावर बसतील असे कॉलेज शहराने काढावे. नागरिकांचे मतदान घेतले गेले, ठराव मोठ्या बहुमताने मंजूर झाला, आणि १८४९ साली ‘फ्री अकॅडमी’ सुरू झाली. फी एक पैसा नाही. अर्थात मुलींना त्यात जागा नव्हती. त्यांच्यासाठी १८७० साली निराळी संस्था काढावी लागली, तीच पुढे हंटर कॉलेज झाली.

पुढे रशिया-पोलंडकडून जिवाच्या भीतीने पळून आलेल्या ज्यू लोकांची मुले या कॉलेजात आली. बाप कपड्यांच्या कारखान्यात राबणारा आणि मुलगा सिटी कॉलेजात, असे चित्र घरोघर होते. बड्या खासगी विद्यापीठांनी ज्यू मुलांची संख्या मुद्दाम मर्यादित ठेवली होती, त्यामुळे हेच कॉलेज त्यांचा आधार. पोलिओवरची पहिली यशस्वी लस शोधणारे जोनास सॉल्क १९३४ साली इथूनच पदवीधर झाले. अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे केनेथ ॲरो १९४० सालचे.

पण फी नाही म्हणजे दार उघडे, असे समजू नये. फी नव्हती तरी मार्कांची अट होती, आणि ती वर वर चढत गेली. १९६० नंतरच्या दशकात शाळेत सरासरी ८५ टक्क्यांच्या आसपास मिळवणाऱ्यालाच तिथे प्रवेश मिळे. कॉलेजच्या चारी बाजूंना हार्लेमची कृष्णवर्णीय वस्ती, आणि आतल्या वर्गांत बहुतेक गोरी मुले! ज्या वस्तीच्या उशाला कॉलेज उभे होते, तिथल्या मोडक्यातोडक्या शाळांतून ८५ टक्के आणायचे कुणी? १९६६ साली ‘सीक’ नावाची योजना निघाली. कमी मार्कांच्या गरीब मुलांना निवडून घ्यायचे, थोडा निर्वाहभत्ता द्यायचा, जादा शिकवणी द्यायची. ऑड्री लॉर्ड, ॲड्रिएन रिच, जून जॉर्डन अशा नावाजलेल्या कवयित्री या मुलांना शिकवायला आल्या. योजना चांगली, पण समुद्रात थेंबभर.

मग २२ एप्रिल १९६९ रोजी कृष्णवर्णीय आणि प्युर्टो रिकन विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या दक्षिण भागाची फाटके साखळदंडांनी बंद केली आणि त्या भागाला ‘हार्लेम विद्यापीठ’ असे नाव दिले. मागण्या पाच. त्यांतली आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते ती अशी : शहराच्या शाळांत ज्या प्रमाणात ज्या समाजाची मुले आहेत, त्याच प्रमाणात ती कॉलेजात आली पाहिजेत. दुसरी एक मागणीही लक्षात ठेवण्यासारखी आहे. जे पुढे शिक्षक होणार, त्यांनी आमचा इतिहास आणि स्पॅनिश भाषा शिकलीच पाहिजे. दोन आठवडे कॉलेज बंद राहिले. नंतर विद्यार्थ्यांत मारामाऱ्या झाल्या, एका सभागृहाला आग लागली, कॉलेजच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. परंतु १९७५ साली करू म्हणून ठेवलेली सर्वांना प्रवेशाची योजना १९७० च्या सप्टेंबरातच अंमलात आली.

तिचा नियम आमच्यासारख्या कारकुनाला फार आवडला, कारण तो कागदावर दोन ओळींचा आहे. न्यूयॉर्क शहराच्या शाळेतून उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकाला शहराच्या विद्यापीठात जागा मिळणार. ८० टक्के असतील, किंवा आपल्या स्वतःच्या शाळेत वरच्या निम्म्यात नंबर असेल, तर चार वर्षांचे पदवी कॉलेज. नाहीतर दोन वर्षांचे ‘कम्युनिटी कॉलेज’, आणि तिथून पुढे पदवी कॉलेजात जाण्याची वाट मोकळी. ‘स्वतःच्या शाळेत’ या दोन शब्दांत सगळी खुबी आहे. हार्लेमच्या मुलाची तुलना श्रीमंत पेठेतल्या मुलाशी नाही, तर त्याच गळक्या छपराखाली शिकलेल्या सोबत्याशी! पहिल्या वर्षाला येणाऱ्यांची संख्या १९६९ साली सुमारे २० हजार होती, ती १९७० साली सुमारे ३५ हजार झाली. क्वीन्स भागात एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत १९७१ साली लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेज सुरू झाले. तिथे पुढे दीडशेहून अधिक देशांतली मुले शिकू लागली.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आंदोलन केले कृष्णवर्णीय आणि प्युर्टो रिकन मुलांनी, लाठ्या-शिव्या खाल्ल्या त्यांनी. पण नव्या नियमाने आत आलेल्यांत गोऱ्या मुलांची संख्या अधिक होती. इटालियन, आयरिश कामगारांची मुले, जी आजवर फाटकाबाहेरच होती. ही हकिकत आपल्याकडच्या काही मित्रांनी जरूर वाचावी.

आता दर्जाचा प्रश्न. आलेल्या पुष्कळ मुलांना धड एक परिच्छेद लिहिता येत नव्हता. वर्तमानपत्रे ओरडली, कित्येक प्राध्यापकांनी कपाळाला हात लावला. मिना शॉनेसी या प्राध्यापिकेने मात्र निराळे केले. तिने या मुलांच्या प्रवेशाच्या वेळच्या सुमारे चार हजार निबंधवह्या वाचून काढल्या. तिला काय आढळले? चुका वाटेल तशा नव्हत्या, त्यांना रीत होती. घरी एक भाषा, शाळेत दुसरी, आणि लिहिण्याची सवय कुणी लावलेलीच नाही. मूल मंद नव्हे, मूल नवशिके आहे. तिचे ‘एरर्स अँड एक्सपेक्टेशन्स’ हे पुस्तक १९७७ साली निघाले आणि अमेरिकेत लेखन शिकवण्याची पद्धतच त्याने बदलली. ‘तुमच्या मुलाला शुद्ध बोलता येत नाही’ हे ज्या पालकांनी ऐकले आहे, त्यांना या बाईंची योग्यता वेगळी सांगायला नको.

दार उघडले, पण पाच-सहा वर्षांतच शहराची तिजोरी रिकामी झाली. १९७६ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर पैशाअभावी विद्यापीठ दोन आठवडे बंद ठेवावे लागले, आणि १२९ वर्षांत प्रथमच फी लावण्यात आली. गोऱ्यांची गरीब मुले शिकत होती तोवर फुकट. कृष्णवर्णीयांची मुले मोठ्या संख्येने आली आणि फी बसली! कारण दिवाळखोरीचे असेल, पण वेळ कशी साधली ते पाहावे. हजारो मुले गळाली. १९९९ साली आणखी एक ठराव झाला. कच्च्या मुलांची उजळणीची शिकवणी पदवी कॉलेजांतून काढून टाकली, ती फक्त कम्युनिटी कॉलेजांत राहिली. ती कॉलेजे अजून सर्वांना खुली आहेत. फी आहे, परंतु गरीब घरच्या मुलांना सरकारी अनुदानातून ती बहुतांशी भागवता येते.

‘मग चार वर्षांत किती पास झाले?’ असे विचारणारे तेव्हाही होते. चार वर्षांचा आकडा खरोखरच कमी होता. पण पॉल ॲटवेल आणि डेव्हिड लॅव्हिन या दोन समाजशास्त्रज्ञांनी घाई केली नाही. १९७० ते १९७२ मध्ये प्रवेश घेतलेल्या सुमारे दोन हजार स्त्रियांना त्यांनी तीस वर्षांनी पुन्हा गाठले. सत्तर टक्क्यांहून अधिक स्त्रियांनी शेवटी कुठली ना कुठली पदवी मिळवली होती. कुणी नोकरी करत, कुणी लग्न-बाळंतपण आटोपून, कुणी दहा-पंधरा वर्षांच्या खंडानंतर. आणि ज्या आयांनी असे रखडत शिक्षण पुरे केले, त्यांची मुले शाळेत पुढे होती. घरात पुस्तके होती, आई शाळेत जाऊन बाईंना भेटत होती. ‘दोनदा नापास झाली, आता बास’ असे म्हणणाऱ्या सासरच्या मंडळींसमोर हा आकडा ठेवावा.

कामगार माणूस सरळ रेषेत शिकत नाही, हे बाबासाहेबांनी फार आधी ओळखले होते. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले तेव्हा नोकरदारांना कचेरीच्या वेळेआधी शिकता यावे म्हणून त्यांनी सकाळचे वर्ग ठेवले. आम्ही स्वतः नोकरी सांभाळून बी.कॉम. झालो. पहाटेच्या लोकलमध्ये जमाखर्चाचे पुस्तक उघडले की झोप येते, हे आम्हांला कुणी शिकवायला नको.

न्यूयॉर्कने २००७ साली कम्युनिटी कॉलेजांत ‘असॅप’ नावाची योजना सुरू केली, तीही अशाच अनुभवातून. मूल अभ्यासात कच्चे म्हणूनच गळते असे नाही, गाडीभाड्याला पैसे नाहीत म्हणूनही गळते. म्हणून योजनेत काय दिले? अनुदानातून न भागणारी फी माफ, पुस्तकांना मदत, शहरातील रेल्वे-बसचा पास, आणि थोडीच मुले सोपवलेला एक सल्लागार, जो मूल वर्गात दिसले नाही की चौकशी करतो. मुलाने पूर्णवेळ शिकायचे, एवढी अट. सारख्याच परिस्थितीतील मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट करून तपासणी झाली. तीन वर्षांत योजनेबाहेरच्या शंभरातली २२ मुले पदवीपर्यंत पोचली, योजनेतली ४०. ओहायो राज्यातल्या तीन कॉलेजांनी नंतर हीच योजना उचलली, आणि तिथेही पदवी घेणाऱ्यांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली.