मोचीकाम करणारा धर्मोपदेशक आणि मराठीचा कोश

मराठी मुद्रणाच्या इतिहासात विल्यम कॅरी हे नाव मला फार मोलाचं वाटतं. 1761 साली इंग्लंडमध्ये जन्म. तरुणपणी जोडे शिवता शिवता लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकले, बॅप्टिस्ट धर्मोपदेशक झाले आणि 1793 मध्ये बंगालला आले.

1800 पासून मुक्काम श्रीरामपूरला. हे आपलं अहिल्यानगर जिल्ह्यातलं नव्हे बरं का, तर हुगळीकाठचं, तेव्हा डॅनिश अमलाखालचं. मार्शमन आणि वॉर्ड या सहकाऱ्यांसोबत त्यांनी तिथे छापखाना उभारला. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगाली, संस्कृत आणि मराठीही शिकवत. त्यातूनच 1805 मध्ये मराठी व्याकरण आलं आणि 1810 मध्ये मराठी-इंग्रजी कोश, तोही मोडी खिळ्यांत! या कामात पंडित वैजनाथांची मोठी साथ होती. त्यांचं नाव कॅरींइतक्याच आदराने घ्यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

1812 मध्ये छापखान्याला आग लागली आणि कागद, खिळे, हस्तलिखितं जळाली. महिन्याभरातच छपाई पुन्हा सुरू!

1818 मध्ये या तिघांनी सुरू केलेल्या श्रीरामपूर कॉलेजाची दारं सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना खुली होती. 1834 मध्ये कॅरी श्रीरामपुरातच वारले. कॉलेज आजही चालू आहे.